ताण आणि नक्षी

संकटांनीं मनुष्य घडतो, हें वचन आपल्याकडे इतकें रूढ झालें आहे कीं, तें खरें आहे किंवा नाहीं हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. सोनें तापवून पाहावें, चंदन झिजवून पाहावें, टाकीचे घाव सोसल्यावांचून दगडास देवपण येत नाहीं, हे दृष्टान्त आम्हीं लहानपणीं घोकले, आणि पुढें अध्यापकाच्या खुर्चीवर बसल्यावर जवळ जवळ तीस वर्षें ते पुढच्या पिढीकडून घोकून घेतले. गेल्या वर्षीं या मालिकेंत आम्हीं आपल्या पदरचा एक नवा दृष्टान्त घातला. तो आम्हांस फार आवडला होता. पुढें त्याच्यामुळेंच आम्हांस मान खालीं घालावी लागली. तो प्रसंग, आणि त्या निमित्तानें मूळ वचनाविषयीं मनांत आलेले विचार, वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

दृष्टान्त होता शालीचा. आमची कन्या स्कॉटलंडांत शिकावयास आहे. सुटींत ती उत्तरेकडील शेटलंड बेटांवर गेली होती, तेव्हां तिनें तेथील लर्विक गांवांतून आपल्या आईसाठीं बारीक लोकरीच्या कांहीं लडी आणि जाळीच्या शालीचा एक नमुना पाठविला. आमच्या सौभाग्यवतींस विणकामाचा जुना नाद आहे. त्यांनीं भाद्रपदांत सुया हातीं घेतल्या, त्या मार्गशीर्षांत खालीं ठेवल्या. या काळांत त्यांच्याशीं कांहीं बोलावयाचें तर ओळ संपेपर्यंत थांबावें लागे, कारण मध्येंच बोललें कीं टाक्यांची मोजणी चुके. अखेर शाल पुरी झाली असें कळलें, म्हणून आम्ही उत्सुकतेनें पाहावयास गेलों, आणि आमची पुरती निराशा झाली. पिळून टाकलेल्या रुमालासारखें एक करडें, चुरगळलेलें बोचकें समोर पडलें होतें. नक्षी म्हणून कांहीं दिसत नव्हती. आमचा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, “अहो, अजून तिला पाणी लागायचं आहे. उद्यां पाहा, मग बोला.”

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं ती शाल कोमट पाण्यांत भिजविली, न पिळतां पंचांत गुंडाळून पाणी टिपून घेतलें, आणि माडीवरील गादीवर पांढरी चादर घालून तिच्यावर पसरली. मग टांचण्यांचें काम सुरू झालें. आधीं चार कोपरे, मग चारी बाजूंचे मध्य, आणि नंतर कांठावरचें एकेक टोंक. आमच्याकडे एक कोपरा धरून ठेवण्याची कामगिरी आली होती. चार फुटांची शाल हळूहळू सहा फुटांची झाली, आणि जेथें नुसता गुंता होता तेथें पाहतां पाहतां लाटांमागून लाटा उमटल्या. या नक्षीस तिकडे ‘लाटेचा ठसा’ असेंच नांव आहे. सकाळीं शाल वाळली, टांचण्या काढल्या, तरी लाटा आपल्या जागीं राहिल्या.

हें कसें घडतें तें शास्त्रानें सांगितलें आहे. लोकर ही केराटिन नांवाच्या प्रथिनाची बनलेली असते. या प्रथिनाच्या लांब सांखळ्यांना अनेक दुबळे हायड्रोजन-बंध एकमेकींशीं धरून ठेवतात. पाणी आंत शिरलें कीं यांपैकीं पुष्कळ बंध सुटतात आणि तंतु लवचिक होतो. ताणलेल्या स्थितींत तो वाळला म्हणजे बंध नव्या ठिकाणीं जुळतात आणि दिलेला आकार धरून राहतात. शाल पुन्हां धुतली कीं ते पुन्हां सुटतात; म्हणून अशी शाल जितक्या वेळां धुवावी तितक्या वेळां ताणून वाळवावी लागते. आणखी एक गोष्ट येथेंच लक्षांत ठेवावयाची आहे. ओली लोकर कोरडीपेक्षां अधिक ताणली जाते हें खरें, परंतु ती कोरडीपेक्षां थोडी कमजोरहि झालेली असते.

आमच्या मनांत त्या वेळीं शास्त्र नव्हतें, दर्शन होतें. सांख्य म्हणतात, कार्य हें कारणांत आधींच असतें. तिळांत तेल असतें म्हणूनच तें निघतें, वाळूंतून निघत नाहीं. नैयायिक म्हणतात, कार्य नव्यानें उत्पन्न होतें. आणि त्यांचा आवडता दाखला तंतु आणि पट यांचाच आहे. तंतूंना पट म्हणतां येत नाहीं, थंडींत तंतु पांघरतां येत नाहींत; म्हणून पट ही निराळी वस्तु. गादीवरील त्या शालीपुढें उभे असतांना आम्हांस वाटलें कीं, येथें तरी सांख्यांची सरशी आहे. प्रत्येक लाट त्या बोचक्यांत आधींच होती. टांचण्यांनीं एकहि टाका घातला नव्हता. जें अव्यक्त होतें तें केवळ व्यक्त केलें होतें. इथपर्यंत विचार ठीक होता. येथून पुढें आम्हीं जी उडी मारली तिला मात्र आधार नव्हता.

त्याच आठवड्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या पतीचें अकस्मात् निधन झाल्याची वार्ता आली. पदरीं दोन लहान मुलें. आम्हीं सांत्वनाचें पत्र लिहावयास घेतलें, आणि ताजा दृष्टान्त हाताशीं होताच. शाल ताणल्याविना तिची नक्षी दिसत नाहीं. दुःखाच्या टांचण्यांनींच आयुष्याचें वस्त्र उलगडतें. तुझ्या अंगची नक्षी आतां जगास दिसेल, अशा अर्थाचीं चार सफाईदार वाक्यें आम्हीं लिहिलीं. पाकीट बंद करण्यापूर्वीं तें पत्र आम्हीं एकदां मोठ्यानें वाचून पाहिलें होतें, हें कबूल करणें भाग आहे.

तीन आठवड्यांनीं उत्तर आलें. “सर, आपलें पत्र दोनदां वाचलें. उपमा सुंदर आहे. मीहि थोडें विणतें, म्हणून एक विचारतें. शाल ताणतांना बाईचीं बोटें सारखा अंदाज घेत असतात. धागा फार ताठ झाला कीं ती टांचणी सैल करते. माझ्या बाबतींत हा अंदाज कोण घेत आहे? आणि माझ्यावर नक्षी उमटते कीं नाहीं हें पाहावयास लोक इतके आतुर कां असतात?” खालीं नमस्कार आणि सही. रागाचा एक शब्द नव्हता.

अध्यापकास लाज वाटली म्हणजे तो ग्रंथालयांत जातो. ज्या शालीवरून आम्हीं एवढें तत्त्वज्ञान रचलें ती आली कोठून, हें पाहावें असें आम्हांस वाटलें. शेटलंड हा शंभरएक बेटांचा पुंजका स्कॉटलंडच्या उत्तरेस, साठाव्या अक्षांशाजवळ आहे. तेथें झाडें जवळ जवळ नाहींत आणि वारा अखंड. त्यांतलें वस्तीचें शेवटचें बेट उन्स्ट, आणि अत्यंत तलम शालींविषयीं नांव आहे तें त्याचें. मेंढीच्या मानेवरची मऊ लोकर उन्हाळ्याच्या आरंभीं आपोआप सुटूं लागते. ती हातानें उपटून घेत आणि हातानेंच कांतीत. सूत इतकें बारीक निघे कीं, सहा फूट चौरस शालीचें वजन सहासात तोळेच भरे आणि ती लग्नाच्या अंगठींतून ओढून काढतां येई. अंगठींतून जाणारी शाल म्हटली कीं आपणांस काश्मीरची शाहतूश आठवते. ती मागावरची, आणि तिच्या लोकरीसाठीं तिबेटांतील चिरू या प्राण्याची हत्या होते, म्हणून तिचा व्यापार आतां कायद्यानें बंद आहे. उन्स्टच्या शालीसाठीं मेंढीस मरावें लागत नसे. तेथें सोसावें लागलें तें विणणारीस.

हें विणकाम फुरसतीचें नव्हतें. घरचे पुरुष उघड्या होड्यांतून खोल समुद्रांत मासेमारीस जात. २० जुलै १८८१ रोजीं उठलेल्या एका वादळांत शेजारच्या येल बेटावरील ग्लूप येथून गेलेल्या होड्यांपैकीं दहा बुडाल्या आणि ५८ कोळी परत आले नाहींत. पुरुष समुद्रावर असतांना, आणि समुद्रानें त्यांस ठेवून घेतल्यावरहि, शेत, गुरें आणि चूल बायकांनींच सांभाळावयाची. सरपणासाठीं दलदलींतील वाळलेलें पीट पाठीवरच्या टोपलींतून आणतांनाहि त्यांचे हात विणीत असत. कमरेस घोड्याच्या केसांनीं भरलेला एक चामडी पट्टा असे. त्याच्या भोंकांत सुईचें एक टोंक खोंवलें कीं चालतां चालतां विणतां येई.

या कामास प्रतिष्ठा मिळाली ती दूरच्या लोकांच्या कौतुकानें. १८३७ सालीं आर्थर अँडरसन यांनीं व्हिक्टोरिया राणीस शेटलंडचे तलम पायमोजे नजर केले. हे अँडरसन जन्मानें शेटलंडचे, आणि ज्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींतून आपल्याकडील कित्येक मंडळी मुंबईहून विलायतेस शिकावयास गेली तिचे एक संस्थापक. पुढें १८५१ सालच्या लंडन येथील महाप्रदर्शनांतहि शेटलंडच्या शाली झळकल्या. मोठमोठ्या घरच्या स्त्रिया त्या खांद्यावर घेऊं लागल्या. विणणारीच्या हातीं मात्र रोकड क्वचितच पडे. दुकानदार शालीच्या मोबदल्यांत चहा आणि कापड देई. सरकारनें या प्रथेची चौकशी केली, आणि १८७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या वृत्तान्तांत या बायकांच्या जबान्या छापल्या आहेत. घरांत पीठ हवें असे, परंतु लोकरी मालाचा व्यापारी पीठ ठेवीत नसे. तेव्हां मिळालेला चहा दुसऱ्या कोणास देऊन त्या पीठ मिळवीत. १८८७ सालीं या संबंधींचा कायदा अधिक कडक झाला, तरी ही वहिवाट पुढेंहि बराच काळ रेंगाळत राहिली.

शेटलंडच्या दारिद्र्यानेंच ही कला जन्मास घातली, असें म्हणण्याचा मोह होतो. आम्हांसहि झाला. परंतु दारिद्र्य पृथ्वीच्या पाठीवर पुष्कळ ठिकाणीं आहे, आणि तेथें तेथें अशी शाल होत नाहीं. मुलगी लहानपणींच आईजवळ बसे, सुया धरावयास शिके, आणि लिहिलेल्या नमुन्यावांचून शेंकडों टाक्यांचा हिशेब मनांत ठेवूं लागे. आईस तो तिच्या आईपासून मिळालेला असे. कला या परंपरेनें दिली. दारिद्र्यानें फक्त तिची किंमत पाडली.

येथें आमच्या दृष्टान्तांतील चूक आम्हांस स्पष्ट दिसूं लागली. ताणानें नक्षी प्रकट होते हें खरें; पण ताणानें नक्षी निर्माण होते, असा त्याचा अर्थ आम्हीं नकळत करून घेतला होता. साध्या विणीचें कापड कितीहि ताणा, तें फक्त विरळ होईल. संकटाच्या वेळीं एखाद्या माणसाचें धैर्य आपणांस दिसतें, तेव्हां त्याचें श्रेय आपण संकटास देतों, आणि तें धैर्य टाक्याटाक्यानें ज्यांनीं घातलें त्या आईबापांस, शिक्षकांस, मित्रांस विसरतों. या विसरण्यांत एक सोयहि आहे. मुलांस चांगलें शिक्षण देणें, त्यांस पोटभर अन्न आणि मायेचा शब्द देणें हें कष्टाचें व खर्चाचें काम. पुढें आयुष्यच त्यांस घडवील असें म्हणणें फुकटचें. ज्या समाजास विणावयाचा कंटाळा येतो तो समाज टांचण्यांची स्तुति करूं लागतो.

कोणी म्हणेल, मग ताण नकोच काय? परीक्षा, व्रत, व्यायाम, कडक गुरु, हें सारें टाकून द्यावयाचें काय? असें आमचें म्हणणें नाहीं. ताणाविना ती शाल बोचकेंच राहिली असती, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. आमच्याहि आयुष्यांत एका गुरूंनीं आमचा एक निबंध पांच वेळां फाडून टाकला आणि सहाव्या वेळीं ठेवून घेतला. त्या फाडण्याचे आम्ही आजन्म ऋणी आहों. परंतु ते गुरु प्रत्येक वेळीं निबंध मुळापासून वाचीत असत. आमचा धागा किती सोसेल हें त्यांस ठाऊक होतें, आणि तो तुटला असता तर हळहळणारे पहिले तेच होते. ज्याच्या हातीं टांचणी आहे त्याला वस्त्राची ओळख असावी, तुटल्यास दोष आपला असें मानण्याची त्याची तयारी असावी, आणि वेळ येतांच टांचणी सैल करण्याचें सामर्थ्य त्याच्या बोटांत असावें. या तीन गोष्टी असतील तर त्या ताणास शिस्त म्हणावें. नसतील तर ती नुसती आपत्ति, आणि आपत्तीस गुरुपद देण्याचें कांहींएक कारण नाहीं. मृत्यूच्या बोटांत अंदाज नसतो. आमच्या विद्यार्थिनीनें विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचें खरें उत्तर “कोणी नाहीं” हेंच आहे, आणि तें लिहिण्याचें धैर्य नव्हतें म्हणून आम्हीं उपमा लिहिली.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर अधिक लाजिरवाणें आहे. लोक आतुर असतात, कारण दुसऱ्याच्या दुःखांत सौंदर्य सांपडलें कीं आपणांवरील भार उतरतो. ती किती धीराची आहे, असें म्हणून आपण निर्धास्तपणें घरीं जातों. धीराच्या माणसास मदत लागत नाहीं, अशी आपण आपली समजूत करून घेतों. ओली लोकर कमजोर असते ही गोष्ट आमच्या सौभाग्यवती बोटांनीं जाणत होत्या. आम्हीं ती पुस्तकांत वाचली, आणि तीहि पत्र टाकल्यानंतर.

तरीहि शालीचा दृष्टान्त टाकून द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. आम्हीं तो चुकीच्या टोंकानें धरला होता. जाळीची शाल म्हणजे काय, याचा आम्हीं सौभाग्यवतींजवळ बसून पुन्हां अभ्यास केला. या शालींत जेवढी लोकर आहे तेवढींच जवळ जवळ भोंकें आहेत. नक्षी उमटते ती भोंकांचीच. सुईवर धाग्याचा एक मोकळा वेढा घेतला कीं भोंक पडतें आणि टाक्यांची संख्या एकानें वाढते. ती जुळविण्यासाठीं बहुधा जवळच कोठें तरी दोन टाके एकत्र विणावे लागतात. ज्या टाक्यांना हा जोड घ्यावा लागतो ते त्या रिकाम्या जागेचा भार वाहतात. असें हें जाळींतलें भोंक चारी बाजूंनीं धरलेलें असतें, म्हणून कितीहि ताणलें तरी तें आपल्या मापाचेंच राहतें. एखादा टाका सुईवरून निसटला तर तेथेंहि भोंक पडतें, पण त्यास कोणी धरलेलें नसतें. तें ओळीमागून ओळ खालीं उसवत जातें. दुरून पाहिलें तर दोन्ही भोंकें सारखींच दिसतात.

माणूस गेला म्हणजे घरांत जी जागा रिकामी होते ती भरून निघत नाहीं, आणि ती भरावी असा आग्रहहि कोणी धरूं नये. ती धरून ठेवणें मात्र शेजारच्या टाक्यांच्या हातीं आहे. दोघांचें काम एकानें ओढावें, एकाच्या वेळांत दुसऱ्याची वेळ बसवावी, असे लहान लहान जोड आजूबाजूच्यांनीं घेतले तर तें घर उसवत नाहीं. ज्या दुःखास आपण सुंदर म्हणतों तें बहुधा असें कोणी तरी धरून ठेवलेलें दुःख असतें. आणि धरणारांचीं नांवें कोणी घेत नाहीं.

आम्हीं दुसरें पत्र लिहिलें. तें चार ओळींचें होतें आणि त्यांत उपमा नव्हती. पहिल्या पत्राबद्दल क्षमा मागितली, आणि काय अडलें आहे तें कळवावें असें विचारलें. अडलें होतें तें अगदीं साधें. पतीच्या भविष्यनिर्वाह निधीचे कागद एका कचेरींत पडून होते. तेथें जावयाचें तर नोकरीवर रजा पडे, आणि मुलांस ठेवावयास कोणी नव्हतें. आम्हीं त्या कचेरीच्या सहा खेपा केल्या. सौभाग्यवतींनीं दर शनिवारीं मुलांस आमच्या घरीं आणावयास सुरुवात केली. यांत पराक्रम कांहींच नाहीं. आमच्या पहिल्या पत्राइतकें हें वाचावयास चांगलें लागत नाहीं, एवढेंच.

गेल्या महिन्यांत शाल पुन्हां धुवावयास काढली. पाण्यांतून निघाली ती पुन्हां तेंच बोचकें होऊन. शनिवार होता, ती मुलांस न्यावयास आली होती, आणि आम्हीं तिघांनीं मिळून शाल गादीवर पसरली. आमच्याकडे नेहमींप्रमाणें एक कोपरा आला. आम्हीं तो आमच्या मतें नीट ओढून टांचणी लावली. ती समोरच्या बाजूनें उठून आली, कोपऱ्यावर दोन बोटें ठेवून क्षणभर थांबली, आणि कांहीं न बोलतां ती टांचणी काढून अर्धा इंच आंत लावली.